पाच नंबरच्या खोलीतला शेष

गिरणीचा दुसरा भोंगा होऊन गेला, तरी तोतारामशेठच्या चाळीतला एकही गडी कामावर निघाला नव्हता. निघणार तरी कसा? पाच नंबरच्या खोलीत साक्षात शेष वर आला होता! सगळी पृथ्वी डोक्यावर घेऊन जो युगानुयुगं पाताळात निमूट बसला, त्याला एकाएकी धुळ्यात, तेही पत्र्याच्या चाळीतल्या गळक्या खोलीत येऊन राहण्याची बुद्धी का व्हावी, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. श्रावण उद्यावर आला होता. दारात घोटाभर चिखल होता. त्या चिखलात शहराच्या मोगलाईतली, देवपुरातली, पार सोनगीरहून बैलगाडी जुंपून आलेली माणसं हात जोडून उभी होती, आणि मागची माणसं पुढच्यांना म्हणत होती, "जरा वाका ना भाऊ, देव दिसू द्या!"

खोलीच्या मधोमध जमिनीतून एका दगडी नागाचा फणा तेवढा वर आलेला होता. त्याच्यासमोर फणींद्रनाथ महाराज बसले होते. महाराज कुठले, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांनी विचारलं त्यांना 'हिमालयातले' असं उत्तर मिळालं. हिमालयातून येताना त्यांनी चाळीसगावला गाडी बदलली आणि तिथे भजी खाल्ली, एवढं स्टेशनवरच्या हमालांनी पाहिलं होतं.

महाराजांनी तांब्याचा कमंडलू उचलला.

"वासुकी, हाजीर हो! तक्षक, हाजीर हो! कर्कोटक, हाजीर हो!"

कोर्टातल्या पट्टेवाल्याने वादी-प्रतिवादी पुकारावेत, तसे त्यांनी पाताळातले नाग पुकारले. मग फण्याच्या बुडाशी गंगाजल ओतलं. पाणी जिरलं. जपमाळेचे पाच-पन्नास मणी सरले असतील, आणि जमिनीखालून फुस्स् असा आवाज आला. मग चर्र झालं. माती तडकली, फुगली, भेगांतून पांढरी वाफ निघाली, आणि सगळ्यांच्या देखत नागाचा फणा दोन बोटं वर उचलला गेला.

"शेष कोपला! लोटांगण घाला!"

चिखलात धडाधड माणसं आडवी झाली. महाराजांनी फण्याला कान लावला. शेष काय बोलतो ते फक्त त्यांनाच ऐकू येत असे.

"शेष म्हणतो, माझ्या माथ्यावर चुली पेटवता? माझ्या अंगावर धुणी धुता? नागपंचमीच्या आत ही जागा मोकळी करा. जो करणार नाही त्याच्या लेकराबाळांचं मी बघून घेईन!"

एवढा मोठा शेष, पण त्याला कागदपत्रांची बारीक जाण होती. खोलीच्या दाराशीच घडीचं टेबल मांडून शेठचे दिवाणजी बसले होते. समोर शाईची गादी होती आणि कागदांची चळत होती. कागदावर लिहिलं होतं : 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्या खोलीचा ताबा मालकास देत आहे.' शेषाला नुसती खोली नको होती. अंगठ्यासकट हवी होती.

तोतारामशेठ स्वतः उपरण्याने डोळे पुसत उभे होते. "माझं काय व्हायचं ते होवो," ते म्हणाले, "पण देवाची जागा देवाला मिळाली पाहिजे. मी इथे मंदिर बांधीन."

ह्या गर्दीत सगळ्यात मागे सहा नंबरच्या खोलीतली सुंदरबाई उभी होती. विधवा बाई, पन्नाशीला आलेली. तीस वर्षं गवंड्यांच्या हाताखाली चुना कालवला, घमेली वाहिली. पाच आणि सहा नंबरमध्ये एकच भिंत. पाच नंबरच्या दारातून वाफेचा पहिला झोत बाहेर आला आणि तिच्या नाकात शिरला. ओल्या, तापलेल्या चुन्याचा वास. तो तिने झोपेतही ओळखला असता. तिने डोकं वर केलं, तोंड उघडलं, आणि तिची नजर शेठच्या नजरेला भिडली. तिने तोंड मिटलं.

तोंड मिटायला कारण होतं. शेठचा देवपुरात नवा बंगला चालू होता, आणि सुंदरबाई त्याच बंगल्यावर रोजाने होती. पावसाळ्यात धुळ्यात दुसरं बांधकाम नव्हतं.

आता शेषाला ही चाळ इतकी का आवडली, ते सांगायला हवं. लढाई नुकतीच संपली होती. लढाईच्या दिवसांत घरं मिळेनाशी झाली, म्हणून सरकारने कायदा केला होता : वेळेवर भाडं देणाऱ्या भाडेकरूला मालकाने उगीच बाहेर काढायचं नाही. शेठने आधी नळ तोडला. मग पत्रे गळायला लागले ते दुरुस्त करायचं नाकारलं. तरी अठरा बिऱ्हाडांतलं एकही हलेना, तेव्हा कोर्टात दावा लावला. पण चाळकऱ्यांनी 'भाडेकरू मंडळ' काढलं, गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, अभिमन त्याचा चिटणीस झाला, वकील दिला, आणि शेठ दावा हरले. त्यानंतर महिन्याभरात, शेठच्या ताब्यात असलेल्या एकुलत्या रिकाम्या खोलीत, पाच नंबरमध्ये, शेष प्रकट झाला. मुन्सफाने जे दिलं नाही ते पाताळातून मिळणार होतं.

संध्याकाळी अभिमनच्या खोलीत मंडळाची बैठक बसली. सुंदरबाई दाराशी टेकली होती.

"मी म्युन्सिपाल्टीमा जाई उनू," अभिमन म्हणाला. "शेठनी नकाशा टाकेल शे. मंदिरना नही, शिनेमाना! सहाशे खुर्च्या!"

मग त्याचीच बायको कमलबाई म्हणाली, "शिनेमा ऱ्हाऊ द्या. वाफ कोठून येस ते सांगा. नाग वर कसा येस ते सांगा. मनं पोर रातभर रडस."

अभिमनने पुन्हा नकाशाचंच सांगितलं. शेठ लबाड आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण लबाड माणसाच्या घरीही देव येऊ शकतो, असं लोकांना वाटतं, आणि लबाडाच्या हे चांगलं लक्षात असतं.

सात नंबरमध्ये गोधड्या शिवणारी रहिमाबी म्हणाली, "शेष तुम्हारा, मान्य. लेकिन मेरे कमरे की चाबी उसको काय को होना? पाताल में जगा कम पडी क्या?"

दोघं-तिघं हसले. रहिमाबीने सुंदरबाईकडे पाहिलं. "आक्का, तुम कुछ बोलो. तुम्हारे तो दीवार के पीछेच है."

"मी काय सांगू, माय?" सुंदरबाई म्हणाली, आणि पदर सावरत उठून गेली. रात्री ती भाकरी न खाताच झोपली.

दुसऱ्या दिवशी तीन नंबरची प्रमिलाबाई निघाली. महिन्याची बाळंतीण. तिच्या नवऱ्याने अंगठा दिला होता आणि कापडणे गावची बैलगाडी दारात उभी होती. पावसात गोणपाटाखाली लेकरू घेऊन ती बसली. सुंदरबाईने तिचं जातं गाडीत चढवून दिलं.

"आक्का, तुम्ही बी निंघा," प्रमिलाबाई म्हणाली. "लेकरूना जीवले काही व्हयनं ते मी काय करू?"

सुंदरबाईच्या जिभेवर दोन शब्द होते. फक्त दोन. ते तिने गिळले आणि जात्याचा खुंटा नीट आहे की नाही ते पाहिलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती पावसात उभी राहिली. मग घमेलं डोक्यावर पालथं घालून शेठच्या बंगल्यावर कामाला गेली. त्या दिवशी कालवताना तिने दोनदा जास्त पाणी ओतलं आणि गवंड्याच्या शिव्या खाल्ल्या.

नागपंचमीपर्यंत अकरा अंगठे झाले. उरलेल्या सातांतले सहा लोटनआबाकडे बघून थांबले होते. लोटनआबा चाळीतला सगळ्यात जुना भाडेकरू. एके काळचा गिरणीचा पहारेकरी. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते, नुसत्या सावल्या दिसत. दिवाणजी त्याच्याकडे कागद घेऊन तीनदा गेले, आणि तीनदा म्हाताऱ्याने एकच उत्तर दिलं, "माले नाग दिसना ते अंगठा. आंधयानी कसावर अंगठा द्यावा?"

एवढा साधा युक्तिवाद, पण महाराज त्याने अडले. म्हातारा फुटला नाही तर सात खोल्या अडकणार, आणि सात खोल्या सोडून सहाशे खुर्च्या कुठे मांडणार? तेव्हा पंचमीच्या सकाळी महाराजांनी जाहीर केलं, "शेषाने रात्री सांगितलं, माझी ऊन ऊन विभूती लोटनच्या डोळ्यांत घाला. त्याला दृष्टी येईल. पहिलं दर्शन माझंच घेईल."

गर्दीला आता पारावार राहिला नाही. बाया लाह्या, दूध, आघाडा घेऊन आल्या होत्या. पाऊस धो धो लागला होता आणि पाच नंबरचा पत्रा तीन जागी गळत होता. लोटनआबाला दोघांनी धरून आत आणलं. आयुष्यभर कुणासमोर न वाकलेला तो म्हातारा गुडघ्यांवर बसला आणि तोंड वर करून, डोळे मोठे उघडून वाट पाहू लागला. दृष्टी येणार म्हटल्यावर कोण वाट पाहणार नाही?

वासुकी हाजीर झाला, तक्षक हाजीर झाला. पाणी पडलं, फुस्स् झालं, वाफ आली, फणा वर आला. महाराजांनी भेगेतून चिमूटभर पांढरी, वाफाळती माती उचलली आणि लोटनआबाच्या डोळ्याकडे हात नेला.

सुंदरबाईच्या डोळ्यांपुढे भटू आला. वीस वर्षांपूर्वी एका कामावर तिच्यासोबतच घमेली वाहणारा भटू. हौदात तोल गेला, चुना डोळ्यांत गेला, सांजेपर्यंत दोन्ही डोळे पांढरे झाले. तो अजून एकवीरेच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून वाटी वाजवतो.

माणसं बाजूला सारत, दुधाचे तांबे लवंडत ती पुढे गेली आणि तिने महाराजांच्या मनगटावर असा फटका मारला की चिमूट छपराकडे उडाली.

"आबा, डोया मिटा! हाऊ शेष नही! हाऊ कळीना चुना शे!"

थोडे कण म्हाताऱ्याच्या पापणीवर पडले होते. तो कळवळला. सुंदरबाईने महाराजांच्या हातातून कमंडलू हिसकला आणि सगळं गंगाजल त्याच्या डोळ्यावर ओतलं. ते खरंच गंगेचं होतं की गावातल्या पांझरा नदीचं, देव जाणे. पण आठवडाभरात ते पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं. रहिमाबी घागर घेऊन धावली. "डोया उघाडा आबा, आते उघाडा, पाणी जाऊ द्या!" म्हणत सुंदरबाई ओतत राहिली. एक घागर, दोन घागरी, तीन.

महाराजांना आता वाचा फुटली. "विटाळ! विधवेचा विटाळ! शेषाच्या स्थानात शिरली! हिचा निर्वंश होईल!"

गर्दीत कुजबूज झाली. दोन-चार हात सुंदरबाईला ओढायला पुढे आले.

"सुंदरे," तोतारामशेठ थंडपणे म्हणाले, "उद्यापासून बंगल्यावर येऊ नकोस."

पाच दिवस ज्या एका वाक्याला ती भीत होती, ते वाक्य बोलून झालं. संपलं. तिला वाटलं तेवढं ते मोठं नव्हतं. तिने हातातली घागर खाली ठेवली.

"नही येत, शेठ. आते महाराजले एक सांगा. आठेच, हाईच मातीवर, पुन्हा पाणी वता. शेष जागा शे ना? फुस्स् करी."

"ओता महाराज!" अभिमन ओरडला. "ओता!"

महाराज जागचे हलेनात. मग अभिमननेच पाणी ओतलं. घागरभर. सगळे वाट पाहत राहिले. जपमाळ संपली असती इतका वेळ गेला. नुसता चिखल झाला. फणा एका बाजूला कलला.

"शेष रुसला," महाराज म्हणाले. "ह्या बाईमुळे रुसला."

आणि काय सांगावं, लोकांनी माना डोलावल्या! एका बाईने धडधडीत दाखवावं आणि लोकांनी 'रुसला असेल बुवा' म्हणावं, हे आपल्याकडे काही नवीन नाही. सुंदरबाईच्या लक्षात आलं की सांगून भागणार नाही. कोपऱ्यात महाराजांचा चेला एका पत्र्याच्या पेटीवर बसलेला होता. रोज रात्री खोलीचं दार लावून तोच एकटा आत 'अनुष्ठान' करत असे.

"ते पेटीमा काय शे?"

"पूजेचं सामान," चेला म्हणाला आणि पेटीला घट्ट धरून बसला. पूजेच्या सामानाला एवढं कुणी कवटाळत नाही. अभिमन आणि दोन गिरणीवाल्यांनी त्याला पेटीवरून उचललं. आत तुपाचे तीन डबे निघाले, झाकणांच्या कडा मेणाने बंद केलेल्या. ओल लागू नये म्हणून! एक उघडला. आत तूप नव्हतं. पांढरे, कोरडे, मुठीएवढे खडे होते.

सुंदरबाईने चार खडे घमेल्यात घेतले. महाराजांची एक खडाव उचलून खड्यांवर ठेवली. मग घमेलं पत्र्यातून धार लागली होती त्या जागी सरकवलं.

"शेठ, तीन वरीस पत्रा दुरुस्त करा नही," ती म्हणाली. "बरं करं."

टप टप टप. पाणी खड्यांत जिरलं. आणि मग घमेल्यातून फुस्स् झालं. चर्र झालं. खडे तडकले, फुगले, वाफेचा लोट छपराला लागला, आणि महाराजांची खडाव सगळ्यांच्या देखत दोन बोटं वर आली.

पहिली हसली रहिमाबी. "या अल्ला! खडाव भी हाजीर हो गई!"

मग सगळी चाळ हसली. चिखलात लोटांगण घातलेली माणसं, कपड्यांवरचा चिखल अजून वाळला नव्हता ती माणसं, पोट धरून हसली. तेवढ्यात कमलबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "ओ माय! दर दिवाळीले मी डबा भरी चुना विरवस. असाच फुगस, असाच फुस्स् करस. माले कसं कळनं नही?"

"डबामा फुगना ते चुना," सुंदरबाई म्हणाली, "आनि देवखाले फुगना ते शेष. दुसरं काय!"

मग तिने लोकांना मातीत हात घालून सगळं दाखवलं. दगडी नागाखाली हातभर खड्डा. रात्री चेला त्यात कळीचा चुना भरायचा, वर बोटभर माती पसरायचा. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो तापतो, वाफ सोडतो, दुप्पट फुगतो आणि वर जे असेल ते उचलतो. एकदा विरला की मेला, पुन्हा पाणी ओतून काही होत नाही. म्हणून शेष दिवसातून एकदाच कोपायचा. पाणी पडल्यावर शेष पाच-पन्नास मणी गप्प बसायचा, कारण चुना तापायला तेवढा वेळ लागतो. बास. एवढीच सिद्धी.

दिवाणजी कागदांची चळत बगलेत मारून निघाले होते, त्यांना दारातल्या बायांनी वाट दिली नाही. कुणीतरी कागद फाडायला घेतले, पण अभिमनने अडवलं, "फाडू नका, वकीलले दाखाडू." ते बरं झालं. कोर्टाची तारीख लागायच्या आतच शेठनी 'देवाची इच्छा दिसत नाही' म्हणून ताब्याचे सगळे कागद रद्द करून दिले. महाराजांना फौजदार घेऊन गेले. चौकशीत निघालं की ते पूर्वी एका चुन्याच्या भट्टीवर मुकादम होते. हिमालय त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता.

लोटनआबाच्या पापणीला फोड आले, पण डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, धुवायला थोडा जरी उशीर झाला असता तर कायमचा गेला असता. त्याच डॉक्टरांनी थंडीत त्याचे मोतीबिंदू काढले. मंत्र म्हटला नाही, कुणाला हाजीर केलं नाही. पट्टी सुटल्यावर म्हाताऱ्याला चष्मा मिळाला आणि तो दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे न्याहाळू लागला.

सुंदरबाईला मात्र तो पावसाळा कामाशिवाय गेला. चाळीने आळीपाळीने तिच्या भाकरीची सोय केली. पण तिला सुख लागेना. कागद रद्द झाले, तरी प्रमिलाबाईच्या खोलीला शेठने तिसऱ्याच माणसाचं कुलूप लावून ठेवलं होतं, आणि ते निघायला पुढे आठ महिने लागले. भाद्रपदात पाऊस उघडला तेव्हा सुंदरबाई पायी कापडण्याला गेली. प्रमिलाबाई दिराच्या पडवीत, म्हशीशेजारी चूल मांडून राहत होती. लेकरू खोकत होतं.

"माले पहिला दिनलेच माहीत व्हतं," सुंदरबाई उभ्याउभ्याच म्हणाली. "तुनं जातं गाडीमा ठेवं तवय बी माहीत व्हतं. पन मी तोंड उघाडं नही."

प्रमिलाबाईने पदराने लेकराचं नाक पुसलं. मग तिने लेकरू सुंदरबाईच्या हातात दिलं आणि चुलीकडे वळली. रागावली होती की नाही, ते सुंदरबाईला कळलं नाही. तिने लेकराला छातीशी धरलं आणि ती तिथेच खाली बसून राहिली.

वाचणाऱ्यांनो, शेष मानायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण देव जेव्हा तुमच्या घराची किल्ली मागू लागेल, तेव्हा त्याच्या पायाखाली काय पुरलं आहे ते उकरून बघा, आणि टेबल मांडून कोण बसलं आहे तेही बघा. फसवणारे थोडे असतात. फसणारे पुष्कळ असतात. आणि प्रत्येक गर्दीत मागे उभं असलेलं एखादं माणूस असतं, ज्याला सगळं ठाऊक असतं. ते माणूस तुम्ही असाल, तर सहाव्या दिवसाची वाट पाहू नका. पहिल्याच दिवशी बोला.